दाढेच्या खड्ड्यात भरलेल्या दाण्यांचं पुढे काय होतं?

दाढ काढायची ठरली की हल्ली दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "बोन ग्राफ्ट करून घ्यायचा का?" बरेचदा तो विचारला जातो तेव्हा पेशंट खुर्चीत आडवा झालेला असतो, जीभ बधिर झालेली असते आणि सोबत आलेला माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो. अशा वेळी कुणीही मान डोलावून मोकळा होतो. हा निर्णय घरी बसून, शांतपणे घ्यायचा आहे. त्यासाठी लागणारी माहिती इथे देतो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात. दात काढलेल्या खड्ड्यात भरायच्या कृत्रिम बोन ग्राफ्टच्या बाटलीत हाड नसतं. तिथे असतात एका मिलिमीटरहून लहान, खडबडीत, पांढरे दाणे. ते खड्ड्यात भरले म्हणजे हाड भरलं असं होत नाही. वेलीला मांडव लागतो, पण मांडव वाढत नाही, वाढते ती वेल. तसंच इथे आहे. हाड तुमचं शरीर तयार करतं. त्या दाण्यांना शरीर कसा प्रतिसाद देतं यावर सगळं ठरतं, आणि हा प्रतिसाद चांगला यावा म्हणून तुमच्या हातात बरंच काही असतं.

दाणे न भरता खड्डा कसा भरतो

दात निघाला की खड्डा रक्ताने भरतो आणि थोड्याच वेळात त्याची गुठळी होते. पुढच्या सगळ्या कामाचा पाया ही गुठळीच. दोन-तीन दिवसांत तिच्यात पांढऱ्या पेशी शिरतात आणि जंतूंची, मेलेल्या पेशींची सफाई सुरू करतात. आठवडाभरात नव्या बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली, लालसर, नाजूक ऊती तिची जागा घ्यायला लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खड्ड्याच्या तळाशी आणि भिंतींलगत कच्चं हाड दिसायला लागतं. सहा ते आठ आठवड्यांत खड्ड्याचा बराचसा भाग त्याने व्यापलेला असतो. पुढे कित्येक महिने त्या कच्च्या हाडाचं पक्क्या, थरांच्या हाडात रूपांतर चालू राहतं.

म्हणजे खड्डा आपोआप भरतो. अडचण आहे ती भिंतींची. दाताचं मूळ हाडाला बांधून ठेवणारे तंतू ज्या पातळ थरात रुतलेले असतात, तो थर दातापुरताच असतो. दात गेला की तंतू जातात, त्यांच्यातून मिळणारा रक्तपुरवठा जातो आणि तो थर झिजून जातो. वरच्या समोरच्या दातांची ओठाकडची भिंत बहुतेकांमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि जवळजवळ सगळी याच थराची बनलेली असते. म्हणून दात काढल्यावर तिथली हिरडी आत बसते आणि ओठाखाली खळी पडल्यासारखं दिसतं.

ही झीज किती असते? वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा असं दिसलं, की दात काढल्यानंतर सहा महिन्यांत जबड्याच्या कडेची रुंदी सरासरी पावणेचार मिलिमीटरने आणि उंची साधारण सव्वा मिलिमीटरने कमी होते. दाढांच्या जागी वर्षभरात रुंदी निम्म्यापर्यंत येऊ शकते आणि त्यातली जवळपास दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. इम्प्लांटचा, म्हणजे कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निदान एक-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं. हा हिशेब मांडला की डॉक्टर रुंदीची एवढी काळजी का करतात ते कळतं.

ग्राफ्टने ही झीज थांबत नाही, कमी होते. सरासरी दीड-दोन मिलिमीटर रुंदी वाचते. ऐकायला हे थोडं वाटतं, पण सहा मिलिमीटर आणि चार मिलिमीटर यांतला फरक म्हणजे सरळ इम्प्लांट बसणं आणि आधी आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागणं यांतला फरक असू शकतो.

आणि म्हणूनच ग्राफ्ट प्रत्येकाला लागत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. अक्कलदाढ काढली, तिथे पुन्हा दात बसवायचाच नाही, तर सहसा दाणे भरायचं कारण नाही. मागच्या दाढेच्या चारही भिंती जाड आणि शाबूत असतील, तर खड्डा स्वतःच्या हिमतीवर चांगला भरून येतो. पूर्ण कवळी किंवा मागच्या बाजूला ब्रिज करायचा असेल, तर एखाद-दोन मिलिमीटरने फारसं बिघडत नाही. ग्राफ्टचा खरा उपयोग तिथे, जिथे पुढे इम्प्लांट बसवायचा आहे आणि एखादी भिंत पातळ किंवा तुटलेली आहे, किंवा समोरचा दात आहे आणि ब्रिजखाली हिरडीची खळी दिसायला नको आहे. दातातून पू वाहतो आहे, गाल सुजलाय, ताप आहे, अशा दिवशी दाणे भरू नयेत; आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणावा. "पुढे कधीतरी इम्प्लांट बघू" एवढंच मनात असेल, तर मी पेशंटला थांबून विचार करायला सांगतो. ग्राफ्टमुळे जपलेली जागा कायमची राखून ठेवलेली नसते. तिथे वर्षानुवर्षं काहीच बसवलं नाही, तर ती हळूहळू कमी होतेच.

बाटलीत काय असतं

खड्डा भरायला पेशंटचं स्वतःचं हाड वापरता येतं, दुसऱ्या माणसाचं प्रक्रिया केलेलं हाड वापरता येतं, जनावराचं, बहुतेक वेळा गाईगुरांचं, हाड वापरता येतं, आणि प्रयोगशाळेत बनवलेला कृत्रिम पदार्थ वापरता येतो. आपण बोलतो आहोत ते शेवटच्या प्रकाराबद्दल.

त्यात सर्वांत जुनं म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, रासायनिक भाषेत कॅल्शियम सल्फेट. ड्रीझमान नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९२ मध्ये त्याने हाडातल्या पोकळ्या भरल्याची नोंद आहे. ते शरीरात काही आठवड्यांतच विरघळून जातं. अनेकदा हाड तयार व्हायच्या आतच. आज सर्वांत जास्त वापरले जातात ते कॅल्शियम फॉस्फेटचे दोन प्रकार. एक हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, म्हणजे आपल्या हाडातल्या खनिजाशी जवळचं नातं असलेला पदार्थ. उच्च तापमानाला भाजलेले त्याचे दाणे इतक्या संथपणे विरघळतात, की वर्षानुवर्षं हाडात तसेच सापडतात. दुसरा बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. तो बराच लवकर विरतो, साधारण सहा महिने ते दीड वर्षात. या दोघांचं मिश्रणही मिळतं, पुष्कळदा साठ-चाळीसच्या प्रमाणात. एक टिकून आकार धरून ठेवतो, दुसरा विरून हाडाला जागा करून देतो, असा त्यामागचा विचार.

तिसरा प्रकार जैवक्रियाशील काचेचा, आणि त्याच्या जन्माची हकिकत सांगण्यासारखी आहे. लॅरी हेंच हे फ्लोरिडा विद्यापीठातले काचेचे अभ्यासक. १९६७ मध्ये ते एका परिषदेला बसने निघाले असताना शेजारी व्हिएतनाममधून परतलेले लष्करी अधिकारी होते. जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागतात, कारण शरीरात बसवलेले धातू आणि प्लास्टिक शरीर स्वीकारत नाही. शरीर स्वीकारेल असं काही बनवता येईल का, असं त्या अधिकाऱ्यांनी विचारलं. हेंच यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि थोडं फॉस्फरस असलेली एक काच तयार केली. १९६९ मध्ये तिचे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले गेले. सहा आठवड्यांनी ते काढायला गेले तर निघेनात. हाड काचेला चिकटलं होतं. पुढे १९८८ मध्ये याच काचेचे शंकूच्या आकाराचे तुकडे दात काढलेल्या ताज्या खड्ड्यांत बसवण्यासाठी वापरात आले, तेही कवळी बसणारी कड झिजू नये म्हणून. भारतातही तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि अशा काचेपासून दंतोपचारांसाठी ग्राफ्ट विकसित झाले. ग्राफ्ट म्हणजे परदेशी आणि महागडीच गोष्ट, असं समजायचं कारण नाही.

कृत्रिम दाण्यांचा आणखी एक फायदा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. गाईच्या किंवा डुकराच्या हाडापासून बनवलेला पदार्थ शरीरात नको, असं अनेकांना धर्मश्रद्धेमुळे किंवा शाकाहारामुळे वाटतं. तो त्यांचा हक्क आहे आणि पदार्थ कशाचा आहे ते डॉक्टरांनी आपण होऊन सांगायला हवं. पण इथे एक अडनिडी जागा आहे. दाणे कृत्रिम असले तरी त्यांच्यावर झाकण म्हणून घातला जाणारा पापुद्रा, ज्याला दवाखान्यात मेंब्रेन म्हणतात, आणि वरून ठेवला जाणारा कोलॅजनचा स्पंज हे बहुधा गाईगुरांच्या किंवा डुकराच्या कोलॅजनचे असतात. त्यामुळे फक्त "पावडर कशाची आहे?" एवढं विचारून भागत नाही. "मेंब्रेन कशाचं आहे?" हेही विचारा. प्राणिजन्य नसलेलं, टेफ्लॉनच्या जातीचं मेंब्रेनही मिळतं. ते साधारण तीन-चार आठवड्यांनी काढावं लागतं, एवढाच फरक.

शरीर त्या दाण्यांचं काय करतं

दाणे रक्तात किंवा सलाइनमध्ये कालवून खड्ड्यात ठेवले, की पहिल्या काही मिनिटांतच रक्तातली प्रथिनं त्यांच्यावर चढतात. त्यानंतर पेशींना भेटतो तो दाणा नसून प्रथिनांचा हा थर. मग पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या पाठोपाठ भक्षकपेशी. बाहेरचं काही आलं की शरीर जे करतं तेच इथेही होतं. थोडी सूज, थोडी लाली, थोडा ठणका. याला "शरीराने ग्राफ्ट नाकारला" असं म्हणू नका. दुसऱ्याची किडनी बसवल्यावर जे नाकारणं होतं, तसं इथे घडत नाही, कारण या दाण्यांत कुणाच्याही पेशी नसतात, कुणाचीही प्रथिनं नसतात. ग्राफ्ट फसतो तो निराळ्या कारणांनी. जंतू शिरतात, टाके उसवतात, रक्तपुरवठा कमी पडतो किंवा दाणे हलत राहतात.

हे हलणं समजून घ्यायला हवं. हाड बनवणाऱ्या पेशींना स्थिर पृष्ठभाग लागतो. दाणा जागेवर घट्ट असेल, तर त्या त्याच्या खडबडीत अंगावर पसरतात आणि हाडाचं साहित्य टाकायला लागतात. तो चघळताना, जिभेने चाचपताना, कवळीच्या दाबाने थोडाथोडा हलत राहिला, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतूंचं वेष्टण तयार होतं. वरून सगळं छान भरलेलं दिसतं आणि इम्प्लांटच्या वेळी ड्रिल लावलं की आतून मऊ लागतं.

हाड येण्याची दिशाही ठरलेली असते. ते तळाकडून आणि भिंतींकडून मध्याकडे आणि वर सरकतं. खड्ड्याचं तोंड सर्वांत शेवटी भरतं. म्हणून चार महिन्यांनी उघडून पाहिलं तर तळाशी दाणे हाडात गुंतलेले असतात आणि वरचे एक-दोन मिलिमीटर दाणे हिरडीच्या ऊतीत नुसतेच अडकलेले सापडतात. यात गैर काही नाही. शल्यचिकित्सक ते खरवडून टाकतात आणि खालच्या पक्क्या भागात काम करतात.

दाण्याच्या आकारालाही अर्थ आहे. फारच बारीक पूड असेल, तर भक्षकपेशी ती गिळत सुटतात आणि जळजळ लांबते. फार मोठे दाणे असले, तर त्यांच्यामध्ये आणि आत रक्तवाहिन्यांना वाट राहत नाही. हाड आत शिरायला दाण्यातली छिद्रं निदान शंभर मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, असावी लागतात. तीनशेच्या वर असली तर रक्तवाहिन्यांना आणखी बरं.

इम्प्लांट बसवताना पोकळ ड्रिलने त्या जागेतून हाडाचा बारीक दंडगोल काढून तपासणीला पाठवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली काय घडलं ते थेट दिसतं. तपासणीसाठी आम्लात ठेवून त्यातलं खनिज काढलेलं असतं, त्यामुळे दाणे स्वतः विरघळून गेलेले असतात आणि त्यांच्या जागी वाकड्यातिकड्या रिकाम्या पोकळ्या उरतात. चांगल्या भरलेल्या खड्ड्यात त्या पोकळ्यांच्या कडेला गुलाबी रंगलेलं नवं हाड अगदी टेकून बसलेलं असतं. त्या हाडात बारीक खोबणी आणि प्रत्येक खोबणीत एक जिवंत पेशी. कडेला हाड रचणाऱ्या पेशींची ओळ. काही पोकळ्यांना हाडाऐवजी मोठ्या, पुष्कळ केंद्रकं असलेल्या पेशी बिलगलेल्या दिसतात. त्या दाणे कुरतडत असतात. थोड्या प्रमाणात त्या असणं अपेक्षितच आहे. पण सगळीकडे तंतूच तंतू, मधे सुटे दाणे आणि दाहाच्या पेशींची गर्दी असं चित्र असेल, तर ग्राफ्टने जागा धरली, पण हाड आलं नाही.

इथे एक विरोधाभास आहे आणि तो पेशंटला सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं. दाणे भरल्याने खड्ड्याचा बाहेरचा आकार टिकतो, पण आत हाड भरण्याचा वेग बहुधा मंदावतो. न भरलेल्या खड्ड्यात चौथ्या महिन्यात जितकं जिवंत हाड दिसतं, तितकं भरलेल्या खड्ड्यात पुष्कळदा दिसत नाही, कारण जागेचा काही भाग दाण्यांनीच व्यापलेला असतो. म्हणून कृत्रिम दाणे भरल्यावर इम्प्लांटसाठी सहसा चार ते सहा महिने थांबायला सांगतात, काचेच्या दाण्यांना कधीकधी त्याहून जास्त. "लवकर बरं व्हायला ग्राफ्ट करा" असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही. ग्राफ्ट आकारासाठी असतो, वेगासाठी नाही. त्याने वेदनाही कमी होत नाहीत.

आणि एक्स-रे. दाणे भरल्याच्या दिवशीच्या एक्स-रेमध्येही खड्डा पांढरा दिसतो, कारण कॅल्शियमचे दाणे स्वतःच पांढरे दिसतात. तो पांढरेपणा हाडाचा नाही. चार महिन्यांनी एक्स-रे दाखवून कुणी म्हणालं, "बघा, पूर्ण हाड भरलं," तर शांतपणे विचारा, "हे हाड आहे की दाणे आहेत?" सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवरही हा फरक नेहमी उमटतोच असं नाही. दाण्यांच्या कडा पुसट होत जाणं, भोवताली हाडाची जाळी दिसणं, अशा खुणा अनुभवी डोळ्याला दिसतात, पण खरी परीक्षा ड्रिलच्या हाताला लागणाऱ्या कठीणपणाची.

पहिले पंधरा दिवस

दात काढल्यावर दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास न बोलता घट्ट दाबून ठेवा. त्या दिवशी थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. तोंडात ओढ निर्माण झाली की गुठळी आणि दाणे दोन्ही सुटतात. बाहेरून गालावर बर्फ लावायचा तो पहिल्या दिवशीच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. तिसऱ्या दिवशी आरशात गाल मोठा दिसला म्हणून घाबरून जाऊ नका.

जेवणात कोमट मऊ भात, पातळ वरण, ताक, मऊ खिचडी, गार दूध चालेल. चिवडा, शेव, भाजलेले शेंगदाणे, कडक भाकरी आणि तीळ-खसखशीसारखं बारीक काही आठ-दहा दिवस दूर ठेवा. दुसऱ्या बाजूने चावा. काढती कवळी वापरत असाल, तर ती त्या जागेवर टेकत नाही याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या आणि खात्री होईपर्यंत घालू नका. दुसऱ्या दिवसापासून सांगितलं असेल तर क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश तोंडात घेऊन मान हळूच कलती करायची आणि आपोआप बाहेर पडू द्यायचं. खळखळून चूळ भरायची नाही. बाकीचे दात मात्र रोज मऊ ब्रशने घासायचेच. जखमेच्या शेजारी साचलेलं अन्न हे जंतूंना आमंत्रण असतं.

जखमेत लवंगेचं तेल, हळद, तुरटी, मीठ काही भरू नका. एरवी त्यांचे जे काही उपयोग असतील ते असोत. उघड्या खड्ड्यात, दाण्यांवर, ती परकी भर आहे.

आता तंबाखू. सिगारेटमुळे रक्तवाहिन्या आखडतात आणि नव्या हाडाला लागणारं रक्त पोहोचत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण आपल्याकडे मिश्रीचं काय? सकाळी दातांवर मिश्री लावणाऱ्या बायका ती व्यसनात धरत नाहीत. डॉक्टर विचारतात, "तंबाखू खाता का?" उत्तर येतं, "नाही हो, मी कशाला खाईन." आणि तीच भाजलेली तंबाखू दिवसातून दोनदा त्याच हिरडीवर घासली जात असते. घरात आई, आजी, मावशी मिश्री लावत असतील, तर हे तुम्ही डॉक्टरांना सांगा आणि निदान टाके निघून हिरडी भरून येईपर्यंत ती पूर्ण बंद ठेवा. गुटखा, मावा, खैनी यांनाही हेच लागू. कायमची सोडवली तर सोन्याहून पिवळं.

जखमेवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढुरका-पिवळसर थर दिसतो. तो पू नाही. बरी होणारी जखम तशीच दिसते. पहिल्या काही दिवसांत तोंडात वाळूसारखे चार-दोन दाणे आले तरी ठीक आहे. रोज येत राहिले, मेंब्रेन लोंबायला लागलं किंवा टाके सुटून खड्डा उघडा पडला, तर मात्र दाखवायला जा. ठणका तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो आहे, कानापर्यंत जातो आहे, तोंडाला घाण वास येतो आहे, तर गुठळी निघून गेलेली असू शकते. गोळ्या वाढवत घरी बसू नका. पू, ताप, जिभेखाली किंवा गळ्याकडे पसरणारी सूज, गिळताना किंवा तोंड उघडताना त्रास, दाबूनही न थांबणारं रक्त, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जिभेखालची सूज आणि श्वासाला त्रास असेल, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा.

सही करण्यापूर्वी

तुमच्या इतर आजारांची आणि गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा, विशेषतः दोन गोष्टींची. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, ताजी करून न्या. ती फार वाढलेली असेल, तर जी शस्त्रक्रिया थांबू शकते ती थांबवलेली बरी. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन चालू असेल, किंवा कॅन्सरसाठी हाडांचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ते न विसरता सांगा. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी यादीतून सुटते, हे वारंवार घडतं. या औषधांनी हाडाची झिजण्याची आणि घडण्याची क्रियाच मंदावते आणि क्वचित दात काढलेल्या जागी जबड्याचं हाड उघडं पडून मरतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगा, पण यातलं कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. तो निर्णय दाताच्या डॉक्टरांनी आणि ते औषध देणाऱ्या डॉक्टरांनी बोलून घ्यायचा असतो.

दाणे कोणत्या पदार्थाचे, मेंब्रेन कशाचं, किती महिने थांबायचं, आणि ग्राफ्ट केला नाही तर माझ्या बाबतीत नक्की काय बिघडेल, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या स्वतःच्या एक्स-रेवर बोट ठेवून मिळालं पाहिजे. दात काढणं, ग्राफ्ट, मेंब्रेन यांचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. खर्च झेपणारा नसेल तर मुंबईचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं यांसारख्या ठिकाणी जाऊन चौकशी करा. आणि बाटलीवरचा स्टिकर, ज्यावर पदार्थाचं नाव आणि बॅच नंबर असतो, तो आपल्या फाइलमध्ये चिकटवून मागा. सहा महिन्यांनी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे इम्प्लांट करायची वेळ आली, तर खड्ड्यात काय आहे हे त्यांना त्या स्टिकरवरून कळेल. एक्स-रे ते सांगू शकत नाही.

इम्प्लांटच्या दिवशी ड्रिलला जागा मऊ लागली आणि डॉक्टरांनी "आणखी दोन महिने थांबू" म्हटलं, तर नाराज होऊ नका. कच्च्या जागेत घाईने बसवलेला स्क्रू हलायला लागतो आणि मग तो काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्या जागेचा तुकडा काढलेला असेल, तर तो तपासणीला पाठवायला सांगा आणि रिपोर्टची प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा. नवं हाड किती, उरलेले दाणे किती, नुसती तंतूंची ऊती किती, हे त्यात लिहून देण्याची विनंती करता येते.